गरम आहे, पण कॉफी आहे का?

शाळांच्या कार्यक्रमांत मंचावरच्या पाहुण्यांना ताजी कॉफी मिळते. शिपाई, सफाईवाल्या मावशी, उशिरा पोचलेले पालक यांच्या वाट्याला तासभर गॅसवर रटरटलेली. वर ऐकवतात, "गरम आहे ना?" हा युक्तिवाद मला मान्य नाही. ही मेहमाननवाजी नाही, नाइन्साफी आहे.

आंचेवर ठेवलेल्या कॉफीचा सुगंध उडतो, पाणी आटतं, त्यातलं क्लोरोजेनिक आम्ल फुटून कडू-आंबटपणा वाढतो. खर्चाचं कारण तर सांगूच नका. जेम्स ड्यूअर यांनी 1892 मध्ये निर्वात भांडं बनवलं, तोच आपला थर्मास. तो कॉफीला शिजवत नाही, फक्त तिची ऊब जाऊ देत नाही. आधी उकळत्या पाण्याने विसळा, गाळल्याबरोबर काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा. दूध वेगळं तापवून कपातच मिसळा आणि तास-दोन तासांत संपवा.

16व्या शतकात कैरोतले येमेनी सूफी जिक्रच्या मजलिशीत एकाच मोठ्या मातीच्या भांड्यातून सगळ्यांना कॉफी देत. आपल्याला एवढंही जमत नसेल तर अदबीवर भाषणं कशाला? मंचामागे ठेवता तसाच थर्मास शिपायांच्या खोलीतही ठेवा.