मुद्दलाला हात न लावता

व्यापारी कुटुंबाच्या वर्षात घरातील सर्वांना एकाच वेळी मोकळीक मिळण्याचे दिवस फार थोडे. दिवाळीत दुकानातून पाय निघत नाही, मार्चअखेर हिशेबांची असते आणि उन्हाळा लग्नसराईत निघून जातो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मात्र अनेक शाळांना नाताळची सुट्टी असते, धनुर्मास लागल्याने लग्नाची खरेदीही थंडावलेली असते. त्यामुळे आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत साऱ्यांनी मिळून आठ दिवस एखाद्या उबदार बेटावर घालवावेत, हा विचार आता अनेक घरांत रुजला आहे. अशा बेटांत मॉरिशसचे नाव हमखास पुढे येते. खर्च मोठा असतो आणि तो वर्षभराच्या कष्टांतून उभा राहिलेला असतो. म्हणूनच तेथे काय पाहायचे याबरोबर तेथे कसे वागायचे, याचाही विचार निघण्यापूर्वी व्हावयास हवा.

विषुववृत्ताच्या उत्तरेस नाशिक जितके दूर, जवळजवळ तितकेच मॉरिशस दक्षिणेस आहे. येथे गोदाकाठी शाली निघतात, तेव्हा तेथे ऐन उन्हाळा असतो. आपल्याकडे वैशाखात फुलणारा गुलमोहर तेथे डिसेंबरात लालभडक होतो. हा वृक्ष मूळचा शेजारच्या मादागास्करचा, त्यामुळे खरे तर आपल्याच अंगणात तो परदेशी आहे. बाजारात लिचीचे घोस लटकतात, आंबे आणि अननस येतात. दुपारी सूर्य इतका माथ्यावर असतो की माणसाची सावली पायांखालीच घुटमळते. हिंदुस्थानातून गेलेल्या कुटुंबाने समुद्रस्नान सकाळी किंवा चार वाजल्यानंतर करावे, हे बरे. चक्रीवादळांचा हंगामही नोव्हेंबरात सुरू झालेला असतो. तेथील हवामान खाते १ ते ४ अशा चढत्या श्रेणींत इशारे देते. श्रेणी वाढली, की ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून निवाऱ्यात राहणे हाच शहाणपणा होय.

तेथील नाताळ हा केवळ ख्रिस्ती बांधवांचा सण राहिलेला नाही. चोवीस डिसेंबरच्या रात्री चर्चमध्ये प्रार्थना होतात. पण २५ तारखेची सुट्टी सर्वांची असते, आणि जानेवारीच्या १ व २ या दोन्ही तारखांनाही देश सुट्टी घेतो. कोकणच्या किनाऱ्यावर असतात तशीच सुरूची झाडे तेथील किनाऱ्यावर आहेत. त्यांच्या सावलीत हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, चिनी अशी सर्व कुटुंबे घरून आणलेले डबे उघडून बसलेली दिसतात. याच देशात महाशिवरात्र, ईद, चिनी नववर्ष आणि गणेशचतुर्थी यांनाही सार्वजनिक सुट्टी असते. गणेशचतुर्थीचा हा मान रत्नागिरी परिसरातून गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांमुळे टिकला आहे. त्यांची मुले आजही शाळेत मराठी शिकू शकतात.

या बेटावर मूळ रहिवासी असे कोणी नव्हतेच. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले आणि त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले. पुढे फ्रेंच आले, १८१० मध्ये इंग्रज आले. उसाच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून आणि मादागास्करहून गुलाम आणले गेले. गुलामगिरी संपुष्टात येताच, १८३४ पासून, कराराने बांधलेले हिंदी मजूर येऊ लागले. पोर्ट लुई बंदरातील ज्या आप्रवासी घाटावर ते उतरले, तो आज जागतिक वारसा म्हणून जपला जातो. जवळजवळ पाच लाख माणसे त्या वाटेने आली. त्यांच्या मागोमाग गुजरातेतील व्यापारी कापड आणि धान्य घेऊन आले. थोडक्यात, तेथे पाऊल ठेवणारा प्रत्येक जण कधी ना कधी पाहुणाच होता. पाहुणा कसा वागला, यावरच बेटाचे बरे-वाईट ठरत गेले.

पहिल्या पाहुण्यांचा हिशेब फार वाईट आहे. कबुतरांच्या कुळातील डोडो हा मोठा पक्षी फक्त तेथेच होता. त्याला उडता येत नव्हते आणि माणसाचे भयही ठाऊक नव्हते, कारण भय बाळगावे असे त्याने काही पाहिलेच नव्हते. खलाशांनी त्याला मारले. जहाजांबरोबर आलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी जमिनीवरची त्याची घरटी उद्ध्वस्त केली. १६६२ नंतर डोडो दिसल्याची सर्वमान्य नोंद नाही. म्हणजे पहिल्या भेटीपासून सत्तर वर्षांच्या आत एक संपूर्ण जीवजाती नाहीशी झाली. मौल्यवान काळ्या लाकडासाठी एबनीची झाडे तोडली गेली, नंतर उसासाठी अरण्य साफ झाले. चांगल्या स्थितीतले मूळ अरण्य आज दोन टक्क्यांहूनही कमी उरले आहे. आज डोडो देशाच्या राजचिन्हावर आहे, पण अरण्यात नाही.

जुन्या पेढीवर एक शिकवण पहिल्या दिवसापासून दिली जात असे: खर्च व्याजातून करावा, मुद्दलाला हात लावू नये. या बेटाचे मुद्दल म्हणजे त्याचे अरण्य, त्याचे पक्षी आणि त्याच्याभोवतीची प्रवाळभिंत. आरंभीच्या पाहुण्यांनी मुद्दलच खाल्ले. तरीही धीर धरल्यास बुडालेली पेढी सावरते, याचे उदाहरणही याच बेटावर आहे. १९७४ मध्ये मॉरिशसचा छोटा ससाणा रानात अवघा चार उरल्याचे माहीत होते. १९९० च्या सुमारास गुलाबी कबुतरे साधारण दहा राहिली होती. काही अभ्यासकांनी आणि स्थानिक तरुणांनी अंडी जपली, पिल्ले वाढवली, उंदीर आवरले, अन्न पुरवले. आज दोन्ही पक्षी शेकड्यांनी मोजले जातात. माहेबूर्गजवळच्या इल ओ एग्रेत या लहानशा प्रवाळबेटावर मार्गदर्शकासह जाता येते आणि गुलाबी कबुतर, महाकाय कासवे व पुन्हा लावलेले मूळ अरण्य पाहता येते. मुलांना दाखवावी अशी ती जागा आहे. एका सकाळीत तेथे नुकसान आणि भरपाई, दोन्ही समजतात.

मुद्दलाचा मोठा भाग पाण्याखाली आहे. बेटाला जवळजवळ सर्व बाजूंनी प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात, म्हणूनच किनाऱ्याजवळचे पाणी तळ्यासारखे शांत राहते आणि लहान मुले त्यात निर्धास्त खेळतात. पांढरी वाळूही बहुतांशी प्रवाळ आणि शिंपले यांच्याच चुऱ्याची. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो असंख्य सूक्ष्म जीवांनी बांधलेला असतो. त्यावर कोणी उभे राहिले, तर वर्षानुवर्षांची वाढ क्षणात मोडते. २०२० च्या जुलैमध्ये एक मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावरील याच भिंतीवर आदळले आणि सुमारे १००० टन तेल समुद्रात सांडले. तेव्हा गावोगावच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून तरंगते बांध तयार केले आणि तेल अडवले. ज्या उसासाठी अरण्य गेले, त्याच उसाच्या पाचटाने त्या दिवशी समुद्राची राखण केली.

ज्या किनाऱ्यासाठी तेथील लोक असे धावले, तेथे आठ दिवसांच्या पाहुण्याने पाळायचे नियम थोडेच आहेत. पाण्यात उतरताना वाळूवरच पाय ठेवावा, प्रवाळावर नाही. शिंपले व प्रवाळ विकत घेऊ नयेत. प्रत्येक शिंपला कोणा जीवाचे घर होते, आणि प्रवाळाला भारतीय कायद्याचेही संरक्षण आहे. फळे, बिया, रोपे सोबत नेऊ नयेत. गोड म्हणून आणलेल्या चिनी पेरूने तेथील अरण्यात मूळ झाडांचा श्वास कोंडला आहे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१६ पासून बंदी आहे. घरची कापडी पिशवी तेथे उत्तम चालते.

आहाराची चिंता वाटते तितकी मोठी नाही. स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेतले, तर डाळ, तांदूळ, भाज्या सहज मिळतात. रस्त्यावर मिळणारी धोलपुरी ही पिवळ्या वाटाण्याची डाळ भरलेली मऊ पोळी निरामिष असते. सोबतच्या रश्शात कांदा-लसूण असतो, म्हणून तो नको असे आधीच सांगावे. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. त्यामुळे दिवस असतानाच जेवण आटोपण्याचा ज्यांचा नियम आहे, त्यांना घरच्यापेक्षा तेथे अधिक सवड मिळते. मात्र या दिवसांत मुक्कामाचे दर वर्षातले सर्वांत चढे असतात; ठरवाठरव बरीच आधी केलेली बरी.

घरातील मुले पुढे पेढीवर बसतील तेव्हा त्यांना हॉटेलचे नाव आठवणार नाही. वडिलांनी पाण्यातला सुंदर प्रवाळ हातात घेण्याऐवजी दूरूनच दाखवला, आजीने शिंपल्यांची माळ घेण्याचे टाळले, एवढे मात्र त्यांच्या लक्षात राहील. मुद्दल कशाला म्हणतात आणि ते कसे राखतात, हे वहीत लिहून शिकवता येते. पण आईवडिलांना तसे वागताना पाहिले, की ते मुलांच्या अंगवळणी पडते. आठ दिवसांच्या खर्चातून घरी एवढे जरी परत आले, तरी सहल लाभात गेली असे खुशाल समजावे.