परदेशी मालक, घरातली वेठ

कामगार कोणाला म्हणावे, हा प्रश्न भारतीय कामगार चळवळीला प्रत्येक पिढीत नव्याने लढवावा लागला आहे. गिरणीत जाणाऱ्याच्या बाबतीत उत्तर सोपे होते. त्याला मालक होता, भोंगा होता, हजेरीपट होता. घरी बसून बिडी वळणारी बाई आणि बाजारपेठेत पाठीवर पोते वाहणारा हमाल यांच्या बाबतीत तेच उत्तर मिळवण्यासाठी अनेक दशके झगडावे लागले. आज हाच प्रश्न संगणकासमोर रात्र काढणाऱ्या तरुण-तरुणींच्या संदर्भात उभा आहे. त्यांना ‘व्हर्च्युअल असिस्टंट’ असे भारदस्त नाव दिले जाते. काम मात्र जुन्या पेढीवरील कारकुनाचे, टंकलेखकाचे आणि निरोप्याचे एकत्र केलेले असते.

अमेरिकेतील वा ऑस्ट्रेलियातील एखादा छोटा व्यावसायिक या कारकुनाला तासाच्या किंवा कामाच्या बोलीवर ठेवतो. त्याची पत्रे चाळणे, भेटींच्या वेळा ठरवणे, प्रवासाची तिकिटे काढणे, हिशेबाच्या नोंदी करणे, त्याच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारींना गोड उत्तरे देणे हे सारे भारतातल्या एखाद्या दोन खोल्यांच्या घरातून चालते. न्यूयॉर्कला सकाळी नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. म्हणजे तिथला कामाचा दिवस संपताना इथे पहाटेचे अडीच-साडेतीन होतात. घरातली मुले झोपल्यावर कामाला बसणारी बाई मुले उठण्याआधी जेमतेम पाठ टेकते. संगणक तिचा, वीज तिची, इंटरनेटचे भाडे तिचे. रजा, भविष्यनिर्वाह निधी, आजारपणाची भरपाई यांपैकी मालकाचे काहीच नाही.

या श्रमाची किंमत कशी ठरते? काम देणारा आपली गरज संकेतस्थळावर जाहीर करतो आणि नागपूर, मनिला, नैरोबी येथील शेकडो अर्जदार एकमेकांपेक्षा कमी दराची बोली लावतात. हा लिलावच आहे. फरक इतकाच की येथे बोली वर न चढता खाली उतरते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार अशा सर्व प्रकारच्या ऑनलाइन कामांत निम्म्या कामगारांची ताशी कमाई २.१ डॉलरपेक्षाही कमी होती. आठवड्यातील सरासरी २७ तासांच्या श्रमांपैकी सुमारे ८ तास, म्हणजे जवळजवळ एक-तृतीयांश वेळ, काम शोधणे, अर्ज करणे अशा विनावेतन खटपटीत जात होता. फ्रीलान्स कामांत विकसनशील देशांतील माणूस विकसित देशांतील माणसापेक्षा ६० टक्के कमी मिळवत होता; आणि शिक्षण, अनुभव वगैरे मूलभूत बाबी व कामाचे स्वरूप यांचा हिशेब धरूनही ही तफावत उरत होती. एकाच कामाला दोन दर, आणि दर ठरतो तो कातडी व पारपत्र पाहून, असाच याचा अर्थ होतो.

मध्यस्थ संकेतस्थळ आपला वाटा आधी कापून घेते. कोठे तो कमाईच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतो, कोठे वीस टक्के. काही ठिकाणी तर कामासाठी अर्ज करण्याचा हक्कही विकत घ्यावा लागतो. मुंबईच्या गिरण्यांत कामावर लावून घेण्यासाठी जॉबरला दस्तुरी द्यावी लागे; तिच्याविरुद्ध कामगारांनी लढे दिले. आता हीच दस्तुरी ‘सेवाशुल्क’ या सभ्य नावाने परत आली आहे, आणि ती देणाऱ्याला ती अन्याय्य आहे असे वाटेनासे झाले आहे.

पैशाइतकाच जाचक आहे तो अपमान. तासावारी कामात दर दहा मिनिटांत एकदा संगणकाच्या पडद्याचे चित्र आपोआप टिपले जाते, कळफलकावरील ठोके मोजले जातात. नमुन्यादाखल म्हणून दोन-चार दिवसांचे काम फुकट करून घेतले जाते. ठरावीक रकमेच्या कामात, काम हाती आल्यावर ‘पसंत नाही’ असे सांगून पैसे नाकारले जातात आणि काम मात्र वापरले जाते. तक्रार केली तर वाईट शेऱ्याची धमकी असतेच. एका वाईट शेऱ्याने पुढची कामे आटतात, आणि खाते बंद झाले तर वर्षांची मेहनत एका क्षणात पुसली जाते. ना नोटीस, ना चौकशी, ना अपील.

यावर पहिला बचाव असा केला जातो की, ही माणसे स्वतंत्र व्यावसायिक आहेत. दर परवडत नसेल तर त्यांनी काम घेऊ नये. हा युक्तिवाद फसवा आहे. जोन रॉबिन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवून दिले होते की, श्रम विकत घेणाऱ्याच्या हाती बाजाराची सत्ता असेल तर मजुरी श्रमाच्या उत्पादकतेहून खाली राहते. अमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या श्रमबाजाराचा अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. हजारो कामगार व हजारो काम देणारे असलेल्या त्या बाजारातही मजुरी ठरवण्याची सत्ता काम देणाऱ्यांच्याच हाती एकवटलेली आढळली. शिवाय, बाजारच दर ठरवतो असे सांगणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आज अपवर्क या नावाने चालणाऱ्या कंपनीने २०१४ मध्ये तासावारी कामाला तीन डॉलरचा किमान दर स्वतःच लावला. खासगी कंपनीला आपल्या सोयीसाठी किमान दर ठरवता येत असेल, तर लोकांनी निवडलेल्या सरकारला तो लोकांच्या हितासाठी का ठरवता येऊ नये?

दुसरा बचाव अधिक विचार करण्याजोगा आहे. तीन डॉलर म्हणजे इथल्या दुकानातील कारकुनाच्या मजुरीपेक्षा बरेच, असे म्हटले जाते. ते अनेकदा खरेही असते; म्हणूनच पदवीधर बेकार या कामाकडे वळतात. परंतु देशातील मजुरी शरमेने मान खाली घालावी इतकी कमी आहे, ही गोष्ट परदेशी मालकाच्या बचावाची होऊ शकत नाही. त्या तीन डॉलरमधून विनावेतन तास, मध्यस्थाचा वाटा, यंत्राची झीज आणि रिकामे महिने वजा केल्यावर काय उरते, याचा हिशेब आधी मांडला पाहिजे.

कायद्याच्या दृष्टीने हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये, तयार मिठाच्या मापावर पैसे मिळवणाऱ्या सौराष्ट्रातील आगरियांना कामगार ठरवले. १९७३ मध्ये कपड्याच्या नगावर मजुरी घेणारे आणि प्रसंगी काम घरी नेणारे शिंपी हे दुकानाचे नोकरच आहेत असा निर्णय झाला. सदोष काम नाकारून परत करण्याचा मालकाचा अधिकार हीच नियंत्रणाची खूण आहे, असे न्यायालयाने मानले. १९६६ च्या बिडी-सिगार कामगार कायद्याने घरी बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले, आणि मनमानी ‘छाट’ काढून तिची मजुरी बुडवण्यावर त्याखालील नियमांनी मर्यादा आणली. जो मालक काम नाकारू शकतो, दर दहा मिनिटांनी पडदा पाहू शकतो आणि कोणत्याही क्षणी संबंध तोडू शकतो, तो मालक नव्हे तर कोण?

तरीही २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली, गिग कामगाराची व्याख्याच पारंपरिक मालक-नोकर संबंधाच्या बाहेरचा माणूस अशी केली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी द्यावा, हे पाऊल योग्य दिशेने आहे. परंतु किमान वेतन, कामाचे तास आणि सामुदायिक वाटाघाटीचा हक्क यांच्या जागी निधी हे कल्याणकारी दान ठरते. त्यातही सरकारचे लक्ष टॅक्सी आणि घरपोच सेवेवर. रात्रीचा हा कारकून कोणाच्याच नजरेत नाही.

मालक परदेशात आहे, त्याच्यापर्यंत हात कसा पोहोचणार, असे विचारले जाते. तिजोरीसाठी मात्र हात पोहोचतो! परदेशी ई-कॉमर्स कंपन्यांवर २०२० ते २०२४ या काळात भारत सरकारने दोन टक्के समकारी कर लावलाच होता. महसुलासाठी जे शक्य झाले, ते मजुरीसाठी अशक्य कसे?

महाराष्ट्राला तर उत्तर शोधायला दूर जाण्याची गरज नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने असा कामगार विचारात घेतला ज्याला एक ठरलेला मालक नाही, जो आज एका पेढीवर तर उद्या दुसऱ्या. त्याची आणि पेढीची नोंदणी मंडळाकडे होते, मजुरी व तिच्यावरील लेव्ही मालकाने मंडळात भरायची, आणि भविष्यनिर्वाह निधी, रजा, औषधपाणी यांची तरतूद त्या लेव्हीतून होते. हाच साचा येथे लागू करता येईल. संकेतस्थळांची नोंदणी, काम सुरू होण्यापूर्वी मजुरी मंडळाकडे जमा, नाकारलेल्या कामाचा निवाडा त्रयस्थ समितीकडे, फुकट नमुना-कामावर बंदी आणि खाते बंद करण्यापूर्वी सुनावणी, या पाच मागण्या पुरेशा ठोस आहेत. माथाडी मंडळांत पुढे बनावट संघटना आणि खंडणीखोर शिरले, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्याचा धडा असा की मंडळावर कामगारांची जागती संघटना हवी.

आणि एकट्या महाराष्ट्राने दर वाढवले तर काम मनिलाला जाईल, ही भीतीही खरी आहे. म्हणूनच जिनिव्हात जून २०२५ मध्ये या क्षेत्रासाठी बंधनकारक आंतरराष्ट्रीय करार करण्याचे जे ठरले, त्याला बळकटी देण्याचा आग्रह भारत सरकारकडे धरला पाहिजे. जगातील कामगारांनी एक व्हावे, ही घोषणा येथे रोजच्या भाकरीचा व्यवहार बनली आहे.

उरतो तो चळवळीतीलच एक संकोच. इंग्रजी लिहिणारी, लॅपटॉप बाळगणारी ही मुले आपल्या वर्गाची नव्हेत, असे काही कार्यकर्त्यांना वाटते. बँक कर्मचारी आणि शिक्षक संघटित होऊ लागले तेव्हाही असेच बोलले गेले होते. उलट, ही मुले स्वतःला उद्योजक समजत राहिली तर उद्या तीच कामगार कायद्यांच्या विरोधात मतदान करतील. बाबा आढावांनी पुण्याच्या हमालांना संघटित केले तेव्हा हमालांना प्रथम हेच पटवावे लागले की ते कोणाच्या मेहेरबानीवर जगत नाहीत. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या भागातील अशा कामगारांची यादी करावी, बुडवलेल्या मजुरीच्या तक्रारी नोंदवाव्यात आणि त्या घेऊन कामगार आयुक्तांच्या दारात जावे. एकेकट्या खोलीत जागणाऱ्या या माणसांना आपण एकटे नाही हे कळणे, ही संघटनेची पहिली पायरी आहे.