घरोघरचे अर्थमंत्री

अर्थसंकल्प जवळ आला की आपल्याकडे घरोघरी अर्थमंत्री तयार होतात. त्यांच्या निम्म्या सूचना चहा संपेपर्यंतही टिकत नाहीत. पण सगळ्याच तशा नसतात.

औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) अभियंते अनिल बोकील यांच्या ‘अर्थक्रांती’चंच बघा. आयात शुल्क वगळता सगळे कर रद्द करा, बँकेतल्या व्यवहारांवर एकच छोटा कर घ्या आणि मोठ्या नोटा बंद करा, असा तो प्रस्ताव. नोव्हेंबर २०१६मध्ये नोटा गेल्या. कर जिथल्या तिथे राहिले.

कल्पना मोहक आहे, पण आम्हाला ती पटत नाही. कापूस जिनिंगमधून सूतगिरणीत, तिथून मागावर, मग रंगाऱ्याकडे आणि शिवणाऱ्याकडे जातो. दर टप्प्याला पैसे हस्तांतरित होणार आणि दर वेळी कर कापला जाणार. जीएसटीत मागच्या टप्प्यावरच्या कराची वजावट तरी मिळते. इथे सगळे टप्पे एका छताखाली आणणारी कंपनी सुटेल आणि इचलकरंजीचा छोटा यंत्रमागवाला भरडला जाईल.

उलट, वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५मध्ये नोकरदारांवर व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारातून दुष्काळी गावातली मजुरी, इतका सरळ हिशेब! कुरकुर झाली असेल, पण पैसा कुठून येणार आणि कुठे जाणार, हे स्पष्ट होतं.

अर्थसंकल्पासाठी तुमच्याही सूचना जरूर पाठवा. फक्त प्रत्येक सूचनेखाली एवढं लिहा : हा कर शेवटी कोणाच्या खिशातून जाईल?