मुलींना इंग्रजी भुतांच्या गोष्टी वाचू द्यायच्या का?



हा प्रश्न मला दोघीतिघींनी विचारला आहे. मुली सुट्टीत जुन्या इंग्रजी भयकथांचा जाडजूड संग्रह घेऊन बसतात. ‘असलं अभद्र कशाला वाचायचं?’ असं घरातलं मोठं माणूस म्हणतं आणि मग आईची पंचाईत होते. माझं उत्तर सरळ आहे. वाचू द्या, आणि तुम्हीही वाचा. फक्त सुरुवात बायकांनी लिहिलेल्या गोष्टींपासून करा.

भूत आणि पिशाच ही नावं आपल्याला नवी नाहीत. पाठशाळेत व्यंतर देवांचे आठ भेद पाठ केले होते, त्यांत ही दोन्ही येतात. म्हणजे आपल्या दृष्टीनं तोही एक संसारी जीव, आपल्यासारखाच कर्मानं बांधलेला. त्यामुळे नुसतं ‘भूत’ हा शब्द आला म्हणून पुस्तक बाजूला ठेवायचं कारण मला दिसत नाही. त्या गोष्टीत काय चाललंय ते बघावं.

या संग्रहांत पुरुष लेखकांचा मान मोठा आहे. एम. आर. जेम्स हे केंब्रिजचे विद्वान. नाताळच्या रात्री कॉलेजातल्या मित्रांना ते स्वतःच्या गोष्टी वाचून दाखवत. त्यांचं भूतकथांचं पहिलं पुस्तक १९०४ साली आलं. त्यांच्या एका गोष्टीत खोलीतल्या रिकाम्या पलंगावरच्या चादरीच उठून अंगावर येतात, आणि त्या भुताला चुरगळलेल्या कापडाचा चेहरा असतो. (ती वाचल्यावर चादरींच्या घड्या घालताना हात जरा थबकतो, एवढं सांगून ठेवते.) गोष्ट उत्तम आहे. पण जेम्स यांचे नायक बहुतेक एकटे, पुस्तकात रमलेले गृहस्थ. ते कुठेतरी काहीतरी उकरतात आणि ते त्यांच्या मागे लागतं. त्यात घर नाही, स्वयंपाकघर नाही, जावा-नणंदा नाहीत.

बायकांनी लिहिलेल्या गोष्टींत हे सगळं आहे. आणि अशा लिहिणाऱ्या पुष्कळ होत्या. लंडनच्या विरागो प्रकाशनानं १९८८ साली नुसत्या व्हिक्टोरियन लेखिकांच्या भूतकथांचा जाड संग्रह काढला, यावरून अंदाज यावा.

एलिझाबेथ गॅस्केल घ्या. मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाची पत्नी, चार मुलींची आई. तिची ‘द ओल्ड नर्सेस स्टोरी’ १८५२ साली चार्ल्स डिकन्सच्या ‘हाउसहोल्ड वर्ड्स’च्या नाताळ अंकात आली. गोष्ट सांगते ती एक दाई. आईबाप गेलेल्या लहानग्या रोझामंडला घेऊन ती उत्तर इंग्लंडमधल्या एका मोठ्या वाड्यात राहायला येते. तिथे ग्रेस नावाची म्हातारी मालकीण आहे. थंडीत, वादळी रात्री, वाड्यातला मोडका ऑर्गन आपोआप वाजतो. बाहेर बर्फात एक लहान मुलगी उभी असते आणि रोझामंडला खुणेनं बोलावते.

ती मुलगी कोण? ग्रेसच्या थोरल्या बहिणीची, मॉडची लेक. मॉडनं बापाला न सांगता एका परदेशी संगीतकाराशी लग्न केलं होतं. ग्रेसचंही त्याच्यावर मन होतं. तिनं जळफळाटानं बापाला सगळं सांगितलं. बापानं त्या चिमुरडीवर कुबडी उगारून मारलं आणि मायलेकींना भर बर्फात घराबाहेर काढलं. सकाळी सापडलं ते लेकीचं प्रेत आणि ते कवटाळून बसलेली, वेडी झालेली आई.

शेवटी हा प्रसंग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पुन्हा घडतो. म्हातारी ग्रेस ओरडून बापाला विनवते, लेकराला सोडा म्हणते. आणि त्याच वेळी तिला तिथे आणखी एक आकृती दिसते. तिची स्वतःची. तरुण, सुंदर, थंड नजरेनं बघत उभी असलेली.

डिकन्सला हा शेवट पटला नव्हता. ती भुतं फक्त त्या लहान मुलीलाच दिसावीत, असं त्याचं म्हणणं होतं. तो संपादक होता, नावाजलेला होता. तरी गॅस्केलनं ऐकलं नाही. मला वाटतं तिचंच बरोबर होतं. एकट्या पोरीला भूत दिसलं असतं तर गोष्ट नुसती भीतीची झाली असती. ग्रेसला दिसतं म्हणून ती घरातल्या पापाची होते. मारणारा हात बापाचा होता, पण चुगली बहिणीची होती, आणि दार बंद होताना ती नुसती बघत राहिली.

आता मी जे म्हणणार आहे ते काहींना आवडणार नाही. आपल्या समाजातही अशी घरं आहेत. समाजाबाहेर लग्न केलं म्हणून जिचं नाव घ्यायचं नाही, जिचा फोटो भिंतीवरून उतरवला, जिच्या बाळाचं तोंड आजीनं अजून पाहिलेलं नाही, अशी लेक आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहे. ‘वडीलधाऱ्यांनी ठरवलं, आपण काय करणार’ असं म्हणून आपण गप्प बसतो. सामायिक करताना ‘सगळ्या जीवांशी मैत्री’ म्हणायचं आणि पोटच्या पोरीचा फोन उचलायचा नाही, हे मला जुळवता येत नाही.

मार्गारेट ओलिफंटची ‘द ओपन डोअर’ (१८८२) याच दुखण्यावर हात ठेवते. ही बाई १८५९ साली विधवा झाली आणि लेखणीवर स्वतःची मुलं आणि भावाचंही कुटुंब पोसलं. गोष्टीत भारतातून परतलेला एक लष्करी अधिकारी स्कॉटलंडमध्ये घर घेतो. तिथे नोकरांच्या पडक्या घराच्या दारापाशी रात्री एक आवाज रडत असतो, आई, आत घे म्हणून. अधिकाऱ्याचा आजारी मुलगा तो ऐकतो. त्याला भीती वाटत नाही. कुणीतरी दुःखात आहे, बाबा, त्याला मदत करा, एवढंच त्याचं म्हणणं. शेवटी गावातला म्हातारा धर्मोपदेशक तो आवाज ओळखतो, त्याला नावानं हाक मारतो, रागावतो, समजावतो आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतो. मंत्र नाही, उतारा नाही. इतकी करुणा भूतकथेत असेल असं वाटत नाही.

ई. नेस्बिटची ‘मॅन-साइज इन मार्बल’ (१८८७) मात्र निर्दय आहे. घरकाम करणारी बाई सावध करते, नवरा ते बायकोपासून लपवतो, तिला उगाच काळजी नको म्हणून. पुढचं सांगत नाही. ‘तुला कशाला त्रास’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना ही गोष्ट वेगळीच लागेल.

लहानग्यांना मात्र यातलं काही सांगू नका. ‘जेव, नाहीतर भूत येईल’ हेही बंद करा. आठवी-नववीपासूनच्या मुलींना चालेल. या गोष्टी इतक्या जुन्या आहेत की ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर बऱ्याचशा फुकट मिळतात. आपल्याकडे दिवस मावळायच्या आत जेवणं होतात, पुढची संध्याकाळ मोकळीच असते. लेकीला मोठ्यानं वाचायला सांगा आणि तुम्ही शेंगा फोडत ऐका. इंग्रजी अडलं तर ती समजावेल. ग्रेस कोण आणि मॉड कोण, हे तिला समजावून सांगायची गरज पडणार नाही.