पाच शनिवारांची मागणी

महाविद्यालयीन मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेची बातमी आपल्याकडे चार ओळींत आटोपते. यजमान महाविद्यालय, उद्‌घाटक पाहुणे, विजेता, उपविजेता. बाकीच्या संघांचे काय झाले ते त्यात नसते, आणि सांगण्यासारखे जे असते ते नेमके तेच. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सहसा बाद पद्धतीने एक-दोन दिवसांत उरकतात. आठ संघ आले तर सात सामन्यांत निकाल लागतो आणि चार संघ पहिल्या सामन्यानंतरच पिशव्या भरतात. बास्केटबॉलचा सामना दहा मिनिटांच्या चार क्वार्टरचा, म्हणजे निव्वळ खेळ ४० मिनिटांचा. दरवर्षी पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघातली मुलगी एक क्षणही बाहेर न बसता खेळली, तरी पदवीच्या तीन वर्षांत तिच्या वाट्याला १२० मिनिटे येतात. बाराजणींच्या संघात राखीव बसणाऱ्या सातजणींचा हिशेब न केलेलाच बरा. परभणीत मुली बास्केटबॉलकडे वळत नाहीत अशी तक्रार करण्याआधी, वळलेल्या मुलींना आपण किती खेळू देतो ते पाहावे.

बाद पद्धत खेळाडू घडवत नाही, फक्त विजेता ठरवते. हरलो की हंगाम संपला, ही टांगती तलवार असताना कोणता प्रशिक्षक नवख्या मुलीला मैदानात उतरवेल? तो आपल्या पहिल्या पाचजणींनाच शेवटपर्यंत खेळवतो, आणि त्याची चूकही नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. तिथला संघ पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत उतरतो. एका दुपारच्या खेळावरून निवड होणार असेल, तर सोडतीत पहिल्याच फेरीला बलाढ्य संघ वाट्याला आलेली चांगली खेळाडू निवड समितीला नीट दिसणार तरी कशी? रणजी करंडकही १९३४-३५ पासून सुरुवातीची बरीच वर्षे बाद पद्धतीनेच खेळला गेला. १९५७-५८ पासून विभागवार साखळी सामने सुरू झाले आणि दुबळ्या संघांनाही दर हंगामात ठरावीक सामने मिळू लागले. क्रिकेटला जे तेव्हा उमगले, ते महाविद्यालयीन क्रीडा विभागांना आज अवघड वाटू नये.

अमेरिकेतला दाखला इथे उपयोगी आहे, पण अर्धाच उचलू नये. १८९१ मध्ये जेम्स नाइस्मिथ यांनी हा खेळ स्प्रिंगफील्डमध्ये शोधला आणि थोड्याच काळात सेंदा बेरेन्सन या शिक्षिकेने जवळच्याच स्मिथ कॉलेजातल्या मुलींच्या हाती चेंडू दिला. म्हणजे मुलींचा बास्केटबॉल जवळपास मुलांच्या खेळाइतकाच जुना आहे. १९७२ मध्ये, म्हणजे आपल्याकडे दुष्काळ होता आणि परभणीत कृषी विद्यापीठ उभे राहिले त्या वर्षी, सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास तिथल्या कायद्याने बंदी घातली. पुढे मुलींच्या खेळाचा विस्तार झाला. तिथे महाविद्यालयांचे गट आहेत, त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. प्रत्येक गटाची अखेरची स्पर्धा बाद पद्धतीचीच असते आणि तिचा विजेता थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. दूरचित्रवाणीवर दिसतो तो हा थरार. पण तिथे पोहोचेपर्यंत वरच्या श्रेणीतला प्रत्येक संघ तीसच्या आसपास सामने खेळलेला असतो. आपण शेवटची दोन पाने तेवढी फाडून घेतली.

परभणी जिल्ह्यापुरती साखळी उभी करणे त्या मानाने सोपे आहे. परभणी, पूर्णा, सेलू, मानवत रोड, गंगाखेड ही सगळी रेल्वेची ठिकाणे. जिंतूर आणि पाथरीला एसटी आहे. सहा संघांच्या एकेरी साखळीत १५ सामने होतात. पाच शनिवार, दर शनिवारी एका महाविद्यालयात तीन सामने, प्रत्येक संघाचा एक. पंच एकाच ठिकाणी लागतात आणि संध्याकाळी मुली घरी पोहोचतात. मुक्काम टळला की पालकांच्या नकाराचे मोठे कारण जाते, आणि मुक्कामाचा खर्चही. एका हंगामात २०० मिनिटे मिळतात, आजच्या तीन वर्षांहून जास्त. सहा संघ जमणार नाहीत, असे कोणी म्हणेल. ते खरेही असू शकते. मग चार संघांची दुहेरी साखळी घ्या, प्रत्येकीला सहा सामने मिळतील. संघ कमी असणे ही तर बाद पद्धत सोडण्याचीच सबब आहे. सत्र परीक्षांची अडचण खरी आहे, पण दिवाळीनंतरचे थंडीचे शनिवार आधीच राखून ठेवले तर ती सुटते. परभणीच्या उन्हात आणि पावसाळी चिखलात उघड्या मैदानावर हा खेळ नाही तरी होतच नाही.

कबड्डी, खो-खो सोडून बास्केटबॉलच का, हा आक्षेप मला अधिक वजनाचा वाटतो. त्या खेळांना इथे मुळे आहेत, मैदान स्वस्त आहे. माझे उत्तर एवढेच की साखळी त्यांनाही हवी. सुरुवात बास्केटबॉलपासून करावी, कारण संघ मोजके असल्याने प्रयोग आटोपशीर राहील. शिवाय पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली. पुण्याबाहेरच्या मुलींनी तिथवर जायचे तर आधी सामने हवेत.

आणखी एक आकडा टाळता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झाले होते. बास्केटबॉलने बालविवाह थांबतील असे म्हणणे थट्टेचे ठरेल. पण त्या रेट्यातून वाट काढून जी महाविद्यालयाच्या दारात आली, तिच्याजवळ ही तीनच वर्षे असू शकतात. विद्यापीठाच्या क्रीडा विभागाने आणि जिल्ह्यातल्या प्राचार्यांनी एकत्र बसून येत्या हिवाळ्यातले पाच शनिवार आताच ठरवावेत आणि यजमानांची नावे जाहीर करावीत.