पहिल्याच दिवशी ऑफिसरची खुर्ची

यंदा शिगम्याला पुण्याहून पेडण्यात आलेल्या आमच्या एका भाच्याने लॅपटॉप उघडून आपले काम दाखवले. तासाभरात त्याने प्रोग्रामची एकही ओळ स्वतः लिहिली नाही. पडद्याच्या डाव्या बाजूला पाच कामांची यादी होती आणि प्रत्येक कामावर एक एआय एजंट बसवलेला. एक चूक शोधत होता, एक चाचण्या घेत होता, एक परवानगीसाठी थांबला होता. भाचा चहा पीत मधूनमधून हो-नाही म्हणत होता.

अशी साधने आता झपाट्याने येत आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्सरच्या नव्या आवृत्तीत एका वेळी आठ एजंट चालवण्याची सोय झाली. पुढच्याच महिन्यात गूगलचे अँटीग्रॅव्हिटी आले. त्यात एजंटांवर देखरेखीसाठी वेगळी खिडकीच आहे. प्रत्येक एजंटाला मूळ प्रोग्रामची स्वतंत्र प्रत देता येते, त्यामुळे एकाचे काम दुसऱ्याच्या कामात मिसळत नाही. काम झाले की घातलेल्या ओळी हिरव्या आणि काढलेल्या लाल दिसतात. त्या वाचून माणसाने मंजुरी द्यायची.

बँकेत जन्म घालवलेल्या आम्हाला हे परके नाही. क्लार्कने व्हाउचर करायचे, ऑफिसरने तपासून पास करायचे. पण दुपारी चारनंतर पन्नासावे व्हाउचर हातात आले की डोळे थकतात आणि सही आपोआप होते, हेही आम्हाला ठाऊक आहे. पाच एजंट लिहू लागले की वाचणाऱ्यापुढचा ढीग पाचपट वेगाने वाढतो, वाचणारा मात्र एकच. आणि एजंट न झालेले कामही झाले म्हणून ठामपणे सांगतो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिटच्या एजंटाने बदल करू नको असे बजावलेले असतानाही एका उद्योजकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली.

आम्हाला खरी काळजी वेगळीच आहे. आम्ही पास करायला बसलो ते वर्षानुवर्षे काउंटरवर आणि लेजरवर घासून. कुठे आकडा उलटा पडतो, कुठे खाते चुकते, हे स्वतः चुकल्यामुळे कळत गेले. आजच्या नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ऑफिसरची खुर्ची मिळते आणि क्लार्कचे टेबल उचलले जाते. मग तपासायची नजर यायची कुठून?

संगणकीकरणाच्या वेळी आमच्यातल्या पुष्कळांनी विरोध केला होता. रंगराजन समितीचा अहवाल १९८४ चा. नोकऱ्या दुसऱ्या दिवशी गेल्या नाहीत. पण २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्तीत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली आणि क्लार्कची भरती बरीच वर्षे आटली. आताही तसेच होईल असा आमचा अंदाज आहे: कामावरून काढण्याचा गाजावाजा कमी, नवे घेणे बंद. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जण कमी करण्याचे जाहीर केले. त्याला एआय कारण नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. ते मान्य केले तरी दार अरुंद होते आहे, हे नाकारता येत नाही.

डिचोलीत हे जास्त बोचते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि ट्रकांची कर्जे थकली, तेव्हा कितीतरी घरांनी मुलांना संगणकाकडे वळवले. एका धंद्यावर सगळा तालुका टेकवण्याचे परिणाम आम्ही पाहिले आहेत, कर्जाच्या फायलीही हाताळल्या आहेत. आता आपल्याकडे शाळांतून केअर्स योजनेत कोडिंग शिकवतात, ते चांगलेच. पण लिहिण्याइतकेच तपासणेही शिकवायला हवे. प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांपुढे मुद्दाम चुका पेरलेला प्रोग्राम ठेवावा आणि त्या शोधायला सांगावे. आमच्या खात्यांतर्गत परीक्षांत न जुळणारा ताळेबंद देत असत तसा. मुलाखतीला जाणाऱ्यांनीही पगाराबरोबर एवढे विचारून घ्यावे की पहिली सहा महिने माझे काम कोण तपासणार.

भाच्याने त्या दिवशी पाचांपैकी दोन कामे नामंजूर केली. का, असे विचारल्यावर म्हणाला, "मामा, ही चूक पहिल्या वर्षी मीच केली होती."