चौदा दिवसांचे औषध, तीन दिवसांचा धीर

पावसाळ्याबरोबर मुंबईत हिवताप वाढतो आणि त्याचे खापर डासांवर, तुंबलेल्या गटारांवर व महापालिकेवर फोडून सुशिक्षित नागरिक मोकळा होतो. महापालिकेची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही; बांधकामांच्या जागी साचलेले पाणी तिला दिसत नाही, असे कोण म्हणेल? परंतु या रोगाला आपल्या घरातील औषधांच्या डब्यातही आश्रय मिळतो, त्याविषयी लिहिणे अगत्याचे आहे.

या शहरातील हिवताप बहुतांशी ‘व्हायवॅक्स’ जातीचा. क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी रक्तातील जंतू मरतात, ताप उतरतो, तोंडाला चव येते आणि गृहस्थ कचेरीत हजर होतो. मात्र त्याच जंतूंचे काही भाईबंद यकृतात निद्रिस्त असतात व क्लोरोक्विनने त्यांचे काही बिघडत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावयाचे असते. नेमक्या याच गोळ्या डब्यात पडून राहतात. काही आठवड्यांनी वा महिन्यांनी हुडहुडी भरली, की ‘पुन्हा डास चावला’ अशी समजूत करून घेतली जाते. वस्तुतः त्याला नवा डास लागतोच असे नाही! उलट, अशा रुग्णाचे रक्त शोषणारा डास पुढे शेजारच्या बिऱ्हाडात रोग पोचवितो.

प्रायमाक्विन मनाने घेण्याचे औषध मात्र नव्हे. गर्भवतीला व तान्ह्या मुलाला ते देत नाहीत. जी-६-पीडी या द्रव्याची रक्तात उणीव असणाऱ्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात. लघवी काळसर झाल्यास गोळी थांबवून तत्काळ डॉक्टर गाठावा. हे समजावून सांगण्यास पाच मिनिटे पुरतात. गर्दीच्या दवाखान्यात तेवढीही मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे.

हिवताप हटला असे मानण्याची किंमत देशाने एकदा मोजली आहे. १९५३ साली नियंत्रणाची व १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली. १९६५ च्या सुमारास वर्षाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला. २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्याने आता २०३० ही निर्मूलनाची मुदत घातली आहे.

ती पाळावयाची, तर गोळ्या किती वाटल्या याबरोबर किती गिळल्या गेल्या याचाही हिशेब हवा. क्षयाच्या रुग्णाने औषध घेतले की नाही हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. हिवतापाच्या रुग्णाकडे, मग तो पालिकेच्या दवाखान्यातला असो वा खाजगी डॉक्टरांचा, आठव्या व चौदाव्या दिवशी दूरध्वनीने चौकशी करण्यास कोणत्या नव्या अर्थसंकल्पाची गरज आहे, ते आरोग्य खात्याने सांगावे.